लसीतील साहाय्यक द्रव्य म्हणजे काढा नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चिनी वैद्यकातील वनस्पतींची संयुगे लसींचा गुण वाढवू शकतील का, या संशोधनाच्या बातम्या वाचून आमच्या रामबागेत अनेकांनी असा अर्थ काढला आहे की लसीपेक्षा काढा बरा, हे आता शास्त्रज्ञांनीही मान्य केले. शेजारच्या काकूंनी तर याच समजुतीने न्यूमोनियाची लस पुढे ढकलली. औषधनिर्माणशास्त्राचा निवृत्त शिक्षक म्हणून मला हे पत्र लिहिणे आवश्यक वाटते.

लस शरीराला रोगजंतूची ओळख करून देते. परंतु पुष्कळदा तेवढ्याने प्रतिकारशक्ती पुरेशी जागी होत नाही, म्हणून लसीत एक साहाय्यक द्रव्य घालावे लागते. वैद्य औषधाबरोबर अनुपान सांगतात, त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी 1925 मध्ये घोड्यांना घटसर्पाच्या लसीबरोबर टॅपिओका, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तेच पीठ, टोचून पाहिले आणि प्रतिपिंडे वाढलेली आढळली. पुढच्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचाही असाच उपयोग होतो हे आढळले, आणि ते आजही वापरात आहेत. वनस्पतिजन्य द्रव्येही या कामात नवी नाहीत. पुण्यात तयार होणाऱ्या आर-21 या मलेरियाच्या लसीत चिलीतील किलाया वृक्षाच्या सालीतून शुद्ध केलेली सॅपोनिने, म्हणजे साबणासारखा फेस करणारी संयुगे, असतात. या सॅपोनिनांपैकी काही तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणून त्यांच्याहून सौम्य सॅपोनिनांचा शोध चालू आहे, आणि चिनी वैद्यकातील जिनसेंग व अ‍ॅस्ट्रॅगॅलस यांच्या मुळांकडे संशोधक वळले ते मुख्यतः यासाठीच. मात्र तेथील बहुतेक काम अजून उंदीर आणि कोंबड्या यांच्यापुरतेच आहे.

चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना मलेरियावरील औषधासाठी 2015 मध्ये नोबेल मिळाले, त्यांना दिशा जुन्या चिनी ग्रंथाने दाखवली हे खरे; पण त्यांनी ईथरने कमी तापमानात अर्क काढला, तो प्राण्यांवर तपासला, रुग्णांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला, आणि त्यातील आर्टेमिसिनिन हे एकच संयुग वेगळे झाल्यावर मलेरियाचे औषध उभे राहिले. याउलट, 1990च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच विषारी वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली.

आपल्याकडे नीमचच्या मंडीत अश्वगंधा पोत्यांनी येते. तिची दोन पोती रासायनिकदृष्ट्या सारखी असतीलच असे नाही, आणि निरोगी बालकाला टोचायच्या द्रव्यात एवढीही अनिश्चितता चालत नाही. पुण्याच्या संशोधकांनी 2004 मध्ये, त्रिगुणी लस दिलेल्या प्राण्यांना शतावरीचा अर्क देऊन प्रतिपिंडे मोजली होती. माळव्यातील महाविद्यालयांनीही असे काम हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपणास विनंती इतकीच, की अशी बातमी छापताना प्रयोग शुद्ध संयुगाचा होता की अर्काचा, आणि माणसांवर झाला की उंदरांवर, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर