सईच्या रिपोर्टातलं कॅल्शियम

लीड्स, रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,

साष्टांग नमस्कार.

सईचे रिपोर्ट मिळाले. ओव्हरीतल्या गाठीने सगळे धास्तावले असणार, पण त्याआधी रक्ताच्या कागदावरची एक ओळ नीट बघा. कॅल्शियम 12.9 छापलंय आणि अल्ब्युमिन 2.8. कॅल्शियमचा बराच भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतो, त्यामुळे अल्ब्युमिन घसरलं की छापील आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हिशेब सोपा आहे: 4 मधून 2.8 वजा केले की 1.2, त्याला 0.8 ने गुणलं की 0.96. ते मिळवलं की खरा आकडा 13.9 च्या घरात जातो. साडेदहापर्यंत चालतं, चौदाच्या पुढे गंभीर. म्हणजे सई उंबरठ्यावर आहे. आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजून मिळत असेल तर हिशेबाचीही गरज नाही. नमुना घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्याने आकडा फुगतो.

तहान, रात्री चार वेळा लघवीला उठणं, बद्धकोष्ठता, मळमळ, गळून जाणं, हे सगळं यातूनच आलंय. साखर तपासून झाली, नॉर्मल आली, म्हणून विषय सोडू नका. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. शरीर सुकतं, आणि सुकलेल्या शरीरात मूत्रपिंड कॅल्शियमही बाहेर टाकू शकत नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे चक्र दोन दिवसांत हाताबाहेर जातं. उलट्या थांबत नसतील, झापड येत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा.

वहिनी, डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटं आणि कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद. इसबगोलही नको, पुरेसं पाणी पोटात राहत नसेल तर ते आतच घट्ट बसतं. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, मूत्रपिंडावर आधीच ताण आहे. दूध-ताक तोडून मात्र फारसं काही हाती लागत नाही. गळ्यातल्या ग्रंथींचं पॅराथॉर्मोन हे संप्रेरक कॅल्शियम वाढवतं; अशा गाठी बहुधा त्याच्यासारखं एक द्रव्य सोडतात आणि कॅल्शियम हाडांतून ओढलं जातं, पेल्यातून नाही.

म्हणूनच पॅराथॉर्मोनची, म्हणजे पीटीएचची तपासणी हवी. ते दबलेलं आलं तर गळ्यातल्या ग्रंथींचा दोष नाही, संशय गाठीवर. सोबत फॉस्फरस, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, डी जीवनसत्त्वाची दोन्ही रूपं, आणि गाठीचा प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या रक्ताच्या तपासण्या: एलडीएच, एएफपी, बीटा एचसीजी. या रिपोर्टांसाठी उपचार मात्र अडवू नका.

उपचारात पहिलं सलाईन. हृदय-मूत्रपिंड धड असलेल्या तरुण मुलीला सुरुवातीला तासाला 200 ते 300 मिली, मग लघवी तासाला 100 ते 150 मिली राहील असं. लघवी वाढवणारं इंजेक्शन पाणी अंगात साठलं तरच, सरसकट नाही. कॅल्शियम उतरवणारं कॅल्सिटोनिन किलोमागे 4 युनिट, दर 12 तासांनी. सईचं वजन 48 किलो, म्हणजे 192 युनिट. चार-सहा तासांत गुण येतो, पण दोन दिवसांत औषध बोथट होतं. तोवर हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडने हात दिलेला असतो: 4 मिलिग्रॅम, किमान 15 मिनिटांत, क्रिएटिनिन बघून. त्याचा परिणाम दोन ते चार दिवसांनी दिसतो. दुसऱ्या दिवशी ताप आला तर घाबरू नका.

सुईने गाठ टोचून बघू या, असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. पेशी पोटात सांडतात. अख्खी गाठ न फोडता काढायची, आणि भूल द्यायच्या आधी कॅल्शियम खाली आलेलं हवं. दुसरी ओव्हरी आणि गर्भाशय ठेवता येईल का, हे ऑपरेशनच्या आधी कॅन्सर सर्जनशी बोलून घ्या.

पॅथॉलॉजीत दोन नावं विचारा. डिसजर्मिनोमा, म्हणजे बीजपेशींपासून होणारा ओव्हरीचा कॅन्सर, निघाला तर केमोने चांगला बरा होतो. दुसरं नाव म्हणजे हायपरकॅल्सिमिक प्रकारचा स्मॉल सेल कार्सिनोमा. 1982 साली डिकर्सिन, क्लाइन आणि स्कली यांनी तो वेगळा ओळखला. फार विरळ, विशीच्या आसपासच्या मुलींत जास्त, आणि लपवत नाही, अतिशय आक्रमक. दोन-तृतीयांश रुग्णांत कॅल्शियम वाढलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्याच गाठीसारखा दिसून चुकू शकतो, म्हणून 'बीआरजी-वन' या प्रथिनाचं स्टेनिंग, म्हणजे रंग देऊन केलेली तपासणी, मागा. ते नाहीसं झालेलं असणं ही मोठी खूण आहे. त्यामागचा एसएमएआरसीए-फोर जनुकातला दोष 2014 मध्ये सापडला. निदान तेच झालं तर सईच्या रक्तातही तो दोष आहे का ते पाहावं लागेल, आणि असला तर तुम्हा दोघांचीही तपासणी.

गाठ निघाल्यावर कॅल्शियम झपाट्याने उतरतं. झोलेड्रॉनिक आधी दिलेलं असेल आणि डी कमी असेल तर ते फार खालीही जातं: तोंडाभोवती मुंग्या, हाताला पेटके. पहिले काही दिवस रोज मोजायला लावा. पुढे महिन्यांनी ते पुन्हा चढलं, तर गाठ परतली का, हे लगेच बघायचं.

उद्याचा पीटीएच आणि क्रिएटिनिनचा आकडा आला की फोटो पाठव, दादा. कितीही वाजले तरी चालेल.

तुझी,
माई