स्कूटरची किल्ली दादाकडे आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी सांगून टाकते, मग रागवा. हेल्मेट न घातल्याचं तुमचं चलन मी काल रात्री भरलं. 500 रुपये. पावती दादा छापून आणेल, फाईलला लावा. लोकअदालतीत कमी होईल म्हणत होतात, होईलही. पण तोवर ते थकीत, आणि कोर्टाचं समन्स आलं की आईची झोप उडणार. शिवाय फोटोत हेल्मेट आरशाला लटकलेलं स्वच्छ दिसतंय. आईच्या पिशवीतली मेथीसुद्धा दिसतेय, मग भांडायचं कशावर?

तुम्हाला पैशांचं लागलेलं नाही, कळतंय मला. रात्री अकराला रिकाम्या अलका चौकातही लाल दिव्याला थांबणारे तुम्ही. मी पुढे उभी, "बाबा, कोणी नाहीये ना!" म्हणत हँडलवर हात आपटायचे. "आपण आहोत की," म्हणायचात.

खरी गोष्ट पुढेच आहे. चलन बघताना तुमचा परवानाही बघितला. मार्चमध्येच संपलाय. पंचावन्न उलटल्यावर तो पाच वर्षांचाच मिळतो, हे माझ्याही लक्षात राहिलं नाही, म्हणजे निम्मी चूक माझी. अशात कुणाला नुसता धक्का लागला तरी विम्यावाले हात वर करतील, आणि भरपाई आपल्या गळ्यात पडेल. म्हणून दादा परवा "सर्व्हिसिंगला नेतो" म्हणाला ते खोटं होतं. त्याला बोलू नका, मीच शिकवलं. स्कूटर विकलेली नाही, विकणारही नाही. परवाना आला की किल्ली तुमच्या हातात.

वर्ष उलटायच्या आत नूतनीकरण केलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज मी इथून भरते. तुम्ही फक्त डॉक्टरांकडून फॉर्म 1-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, भरून घ्या, आणि त्याच फेरीत डोळेही तपासा. आत्यासारखं मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नाही.

मंगळवारी आणि शनिवारी मंडईला न्यायला कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका येतील. महिन्याचे पैसे दिलेत, मीटरवरून वाद घालू नका. लिंबू-मिरची घेऊन होईपर्यंत ते थांबतात, घाई करत नाहीत.

आई, व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाईल आली तर उघडू नकोस, बाबांनाही उघडू देऊ नकोस. बँकेतले पैसे जातात. आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आणि मागे बसतेस तेव्हा तूही हेल्मेट घालायचं. अंबाडा विस्कटतो, माहितीये. विस्कटू दे.

तुमची,
ठमी