साक्षीचंही माप खरं असावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत सध्या ख्रिस्ती प्रचारावरून वाद चालू आहे. एका गृहस्थांनी लिहिलं की बसस्टँडवर पत्रकं वाटणाऱ्यांना हाकलून लावा. दुसऱ्यांनी उत्तर दिलं की ज्याचं आयुष्य बदललं त्याला बोलू द्या, तुमच्या पोटात का दुखतं? दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. मी स्वतः तशी पत्रकं वाटलेली आहेत आणि माझं आयुष्यही बदललेलं आहे. तरी मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

मी पारोळा तालुक्यातला. आमचं घर माळकरी. आई अजूनही दर वैशाखात मोहिनी एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांच्या रथाला जाते, आणि बोरी नदीच्या पात्रापर्यंत तिला मोटरसायकलवर मीच सोडतो. २००९ ते २०१३ मी एका कापूस व्यापाऱ्याकडे काटेवाला होतो. खेडा खरेदी म्हणजे काय ते खान्देशातल्या वाचकाला सांगायला नको. टेम्पो गावात जातो, लोखंडी तिपाईला काटा लटकतो, कापसाचं गाठोडं बांधून आकड्याला अडकवायचं आणि काटेवाला ओरडेल तो आकडा वहीत लिहायचा. माझं काम ओरडण्याचं. दुसरं काम गुडघ्याचं. गाठोडं आकड्याला लागलं की ते डुलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरल्यासारखं करायचं आणि उजवा गुडघा खालून हलकेच टेकवायचा. जोर लावायचा नाही, जोर लावला की काटा थरथरतो. नुसता टेकवायचा. चाळीसच्या तोलाला दोन किलो जातात. शेतकरी समोर उभा असतो, पण तो काट्याकडे बघतो, गुडघ्याकडे बघत नाही. काही जण काट्याकडेही बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांचं जास्त जायचं.

हिशोब करून बघा. दहा क्विंटल कापूस म्हणजे पंचवीस तोल, पन्नास किलोची मार. तेव्हा भाव चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे एका घराचे दोन हजार रुपये. एवढ्यात त्या घराची दिवाळी निघत होती.

२०१३च्या जानेवारीत माल घेऊन गुजरातकडे जाताना कोंडाईबारीच्या घाटात आमचा टेम्पो उलटला. माझी उजवी मांडी आणि गुडघा गेला. नवापूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात एकोणीस दिवस पडून होतो. त्या पट्ट्यात शंभरेक वर्षांपासून ख्रिस्ती मंडळ्या आहेत. रविवारी सकाळी व्हरांड्यातून मावची बोलीतली भजनं ऐकू यायची. मला ती कळायची नाहीत आणि ऐकायचीही नव्हती. कुणी माझ्या खाटेशी येऊन धर्म सांगितला नाही. आठव्या दिवशी औषधाच्या खिडकीवरचा माणूस जिना चढून वर आला आणि म्हणाला, काल तुमच्या बिलात १४० रुपये जास्त लागले होते, हे घ्या. मी विचारलं, कुणी तक्रार केली का? नाही. मग का आणलेत? म्हणाला, तुमचे आहेत म्हणून. आणि खाली निघून गेला.

बाकीच्यांना हे किरकोळ वाटेल. मला रात्रभर झोप लागली नाही. चार वर्षं मी ज्या गोष्टीवर जगलो ती अशी होती की समोरच्याचं लक्ष नसेल तर ते आपलं. आणि इथे एक माणूस माझं लक्ष नसताना चार पायऱ्या नाही, अख्खा जिना चढून आला होता. दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून विचारलं. त्याने शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, एक लहान पुस्तक आणून दिलं आणि त्यातल्या लूक या लेखकाच्या एकोणिसाव्या अध्यायात कागद घालून ठेवला. यरीहो गावचा जक्कय, जकातदारांचा मुकादम, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी मुक्कामाला जातो, तेव्हा तो उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. येशूने त्याला पैसे परत कर असं म्हटलेलंच नाही. मी ते पान चार-पाच वेळा शोधलं. आज्ञा कुठेच नाही.

इथपर्यंतची गोष्ट खरी आहे. यापुढे मी ज्या चुका केल्या त्यांच्यासाठी हे पत्र.

पुढच्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. रविवारी धुळ्याला प्रार्थनेला जायला लागलो. तिथे साक्ष द्यायची पद्धत असते, म्हणजे उभं राहून आपण कसे बदललो ते सांगायचं. माझ्या आधी बोलणाऱ्या तिघांपैकी तिघेही पूर्वी दारुडे होते. माझी गोष्ट त्यांच्यापुढे फिकी वाटली. म्हणून मी थोडी दारू घातली. सुरुवातीला थोडी, मग सहा महिन्यांत साक्षीतला मी गटारीत पडायला लागलो. शिवाय कुणीतरी म्हणालं की देवाने नेमका पापाचाच गुडघा मोडला, आणि मी तेही सांगायला लागलो. लोक डोळे पुसायचे. खरं म्हणजे उतारावर ब्रेक तापले होते, आणि टेम्पोचा क्लीनर, ज्याने कुणाचं पाच पैशाचं वाईट केलं नव्हतं, त्याचाही हात मोडला होता. त्याचा हात कुठल्या पापाचा, हे मला कुणी विचारलं नाही.

एकदा शेजारच्या गावात बैठक होती आणि आई पाठीमागे येऊन बसली होती. मला कल्पना नव्हती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता तिने विचारलं, "तू दारू कव्हय पिना रे?" कधी प्यायलास, एवढंच. मी मान खाली घालून जेवलो. काट्यावर दोन किलो कमी करणारा माणूस प्रार्थनेत दोन किलो वाढवत होता. गुडघा मोडला तरी सवय गेली नव्हती.

आता पत्रकांविषयी. त्याच दिवसांत मी बसस्टँडवर, बाजारात, शेतात जाऊन लोकांना सांगत सुटलो होतो. ज्यांच्या कापसात मारलं त्यांच्याही दारात गेलो, पण पैसे घेऊन नाही, पत्रक घेऊन. एका म्हाताऱ्याने पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, माझ्याच खिशात परत ठेवलं आणि म्हणाला, "पहिले मना कपाशीना पैसा दे, मंग तुना येसूनी गोट सांग."

म्हणजे त्याला माहीत होतं! नंतर कळलं की निम्म्या गावाला माहीत होतं. गरजेपोटी गप्प होते.

त्या दिवशी पत्रकं बंद केली. माझ्याकडे तीन हंगामांच्या खिशातल्या डायऱ्या होत्या, नाव, तोल, किलो सगळं लिहिलेलं. बेचाळीस नावं निघाली. चौपट देण्याची माझी ऐपत नव्हती. पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, विचारलं तर त्यांनी बायबलातलं मोशेचं नियमशास्त्र काढून दाखवलं की मुद्दल आणि वर पाचवा भाग. मुद्दल ६१ हजारांच्या घरात जात होती, पाचवा भाग धरून ७३ हजार. त्यातला मोठा हिस्सा मालकाच्या खिशात गेला होता, पण गुडघा माझा होता. मालकाला सांगितलं तर तो हसला आणि त्याने मला चहा पाजला. तेवढंच त्याच्याकडून मिळालं.

पैसे फेडायला मला चार वर्षं लागली. सहा जण वारले होते, त्यांच्या बायकांना-मुलांना दिले. दोघांनी घेतलेच नाहीत. एकाने सगळ्या गल्लीला गोळा करून मला शिव्या घातल्या आणि मग पैसे मोजून घेतले, आणि मला वाटतं त्याचंच बरोबर होतं. एका बाईंनी विचारलं की हे देऊन आम्हाला बाटवायचं आहे का. त्यांना हा प्रश्न पडला याचं मला वाईट वाटलं, पण तो पडण्याजोगं मीच आधी वागलो होतो. पैसे देताना येशूचं नाव काढायचं नाही, असं मी तिथून पुढे ठरवलं. फेडीच्या नोटेला पत्रक चिकटवलं की ती फेड राहत नाही.

पहिल्या पत्रलेखकांना एवढंच सांगायचं आहे. संविधानाच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की आपली शिकवण सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. आमच्यातल्या काहींना हा निकाल टोचतो. मला तो पटतो. माझं काम सांगण्याचं, आणि तेही खरं सांगण्याचं. पुढचं ज्याचं त्याचं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. माझ्या बायकोला तर अकरा वर्षं झाली तरी तसं वाटलेलं नाही. नाताळला ती माझ्याबरोबर येते, करंज्या तीच करते, आणि मी विचारणं सोडून दिलं आहे. पण हाकलून लावा ही भाषा नको. पत्रक नको असेल तर नको म्हणा. म्हाताऱ्याने केलं तसं खिशात परत ठेवा.

दुसऱ्या पत्रलेखकांना, म्हणजे आमच्यातल्यांना, मात्र जास्त सांगायचं आहे. बदललेला माणूस बदलला की नाही हे प्रार्थनेच्या हॉलमध्ये कळत नाही. ते घरात कळतं. बाप्तिस्म्यानंतरच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची देवी, बसली. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. आईने परात समोर घेऊन विचारलं, "तुना नावनी मूठ लेऊ का नको?" मी मोठ्या ऐटीत नको म्हणालो. वर दोन वचनंही सुनावली. काका, चुलतभाऊ सगळे बसलेले. आईने गहू मोजले, माझ्या जागी हात परातीवर थांबला, आणि पुढच्या नावाला गेला. विश्वासासाठी हे धैर्य केलं म्हणून त्या रविवारी माझं कौतुक झालं. मला आजही तो थांबलेला हात दिसतो. नको तर म्हणायचंच होतं, पण चार माणसांत, त्या सुरात?

आता ती विचारत नाही, माझी मूठ घेते. मी काही बोलत नाही. रोट मी खात नाही आणि ती आग्रह करत नाही. या तडजोडीवर दोन्ही बाजूंचे लोक नाराज आहेत.

कापसाचं काम सुटल्यावर मी पिठाची गिरणी टाकली. वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला आहे. पहिल्या श्रावणात रोटांचं दळण माझ्याकडे कुणीच आणलं नाही, ख्रिश्चनाच्या चक्कीवर कसं दळायचं म्हणून. मी रागावलो नाही असं नाही. पण दुसऱ्या वर्षी मीच आदल्या रात्री चक्की उघडून झाडली, पुसली, पाटे साफ केले आणि सकाळी दार उघडून बसलो. चार घरांचं दळण आलं. आता रांग असते. आमच्या मंडळीतल्या एका भावाने मला टोकलं की मूर्तीच्या नैवेद्याचं पीठ तू दळतोस. मी म्हटलं, हो, आणि वजनात एक ग्रॅम खात नाही. याच्यापेक्षा मोठी साक्ष मला देता येत नाही.

त्या म्हाताऱ्याचं सांगायचं राहिलं. त्याचे बरोबर दहा क्विंटलचे पैसे होते, म्हणजे पाचव्या भागासकट २४०० रुपये. ओसरीवर बसून त्याने बोट ओलं करून नोटा दोनदा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "आते सांग."

एवढ्या वर्षांत मला सांग म्हणणारा हा पहिला माणूस. आणि मला काही सुचेना. गटार नाही, देवाने मोडलेला गुडघा नाही, काय उरलं? मी त्याला औषधाच्या खिडकीवरच्या माणसाचे १४० रुपये सांगितले आणि जक्कयाची गोष्ट सांगितली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मंग त्या गडीनी जकातना धंदा सोडा का नही?"

लूकने ते लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं.

"मंग ती गोट अर्धीच शे," म्हातारा म्हणाला. तेवढ्यात चहा आला.

आपला,
एक जुना काटेवाला, पारोळा तालुका
(नाव कृपया छापू नये. गावात सगळ्यांना कळेलच.)