याजकाच्या खांद्यावरची नावे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत प्राचीन इस्राएलच्या उपासनेवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, पण प्रमुख याजकाच्या वस्त्रांना त्यात ‘पुरोहितशाहीचा राजेशाही थाट’ म्हणून दोन वाक्यांत उडवून लावले आहे, ते मनाला लागले. मी पस्तीस वर्षे मुलींना शिवण शिकवले. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय, जिथे या वस्त्रांचे वर्णन आहे, मी भक्तीने वाचते, तसा शिवणारीच्या नजरेनेही वाचते. म्हणून हे पत्र.

थाट होता, हे कबूल. ‘गौरव आणि शोभा’ यांसाठी ही वस्त्रे करावीत असे तिथे स्पष्टच म्हटले आहे. साध्या याजकाला चार वस्त्रे: चोळणा, अंगरखा, कमरबंद आणि डोक्याला फेटा. प्रमुख याजकाला त्यावर आणखी चार: निळा झगा, एफोद म्हणजे झग्यावर घालायचे खांदपट्ट्यांचे वस्त्र, छातीवरचा ऊरपट आणि कपाळावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे कोरलेली सोन्याची पट्टी. एफोदाच्या विणीत निळे, जांभळे आणि किरमिजी सूत, कातलेले तलम ताग म्हणजे लिनन, आणि त्यात सोने. हे सोने कसे घातले तेही सांगितले आहे. सोन्याचे पातळ पत्रे ठोकले, ते कापून तारा काढल्या आणि त्या सुतात गुंफल्या. पैठणीचा जरीकाठ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या एका ओळीमागचे कष्ट वेगळे समजावून सांगायला नकोत. जांभळा रंग समुद्री शंखांतल्या गोगलगायींपासून काढत. इस्राएलच्या दक्षिणेला तिम्ना खोऱ्यात अशा रंगाचे सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे लोकरीचे तुकडे सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. चिमटीत मावतील एवढे ते तुकडे, पण त्यांचा रंग अजून टिकून आहे.

पण एवढे सोने आणि एवढा रंग नेमका कशासाठी, हा प्रश्न लेखात विचारलेलाच नाही. एफोदाच्या दोन खांदपट्ट्यांवर दोन गोमेद रत्ने बसवायची. मुद्रा कोरणारा कोरतो तशी त्यांवर इस्राएलच्या बारा वंशांची नावे कोरायची, एकावर सहा, दुसऱ्यावर सहा, जन्माच्या क्रमाने. ऊरपट वीतभर लांब, वीतभर रुंद, दुहेरी घडीचा. त्यावर चार ओळींत बारा रत्ने आणि प्रत्येकावर पुन्हा एकेक नाव. पहिला प्रमुख याजक अहरोन, मोशेचा भाऊ, याने ही नावे ‘आपल्या हृदयावर’ वागवीत पवित्रस्थानात जावे, असे शब्द आहेत. म्हणजे माणूस आत एकटा जात नव्हता. खांद्यावर आणि छातीवर बारा घराण्यांचा भार घेऊन जात होता. खांद्यावर ओझे वाहतात आणि जवळच्या माणसाला उराशी धरतात. आपल्या बोलण्यातही या दोन जागांचा अर्थ हाच आहे. या वस्त्रांचा मुख्य अर्थ मला इथे दिसतो. त्यांना नुसता थाट म्हटले की नेमका तोच हातातून सुटतो.

शिवणारीच्या डोळ्याला दिसलेली एक गोष्ट सांगते. झग्याला मधोमध डोके घालायचे भोक, आणि त्याच्या कडेला चिलखताच्या गळ्यासारखी विणलेली पट्टी, ‘म्हणजे तो फाटणार नाही’. हजारो वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथात गळ्याच्या पट्टीची काळजी! माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे वाक्य वाचून दाखवत असे. गळा नीट बसला नाही तर सगळा कपडा वाया, हे ज्याने लिहिले त्याला ठाऊक होते.

याच झग्याच्या घेराला सुताची डाळिंबे आणि त्यांच्या मधे सोन्याच्या घंट्या लावलेल्या. याजक पवित्रस्थानात जाताना-येताना त्यांचा नाद व्हायचा. वर्दी दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, असे मी ते समजते. ही डाळिंबे अजून संपलेली नाहीत. सिनेगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, गुंडाळीच्या दांड्यांवर चांदीची शोभेची टोके बसवतात. त्यांना हिब्रूत ‘रिम्मोनिम’ म्हणजे डाळिंबेच म्हणतात आणि पुष्कळदा त्यांना बारीक घुंगरू असतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बांधव हा शब्द चांगलाच ओळखतात.

आता त्या दोरीविषयी. परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या दालनात, याजकाला मृत्यू आला तर बाहेर ओढता यावे म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधत आणि घंट्यांचा आवाज थांबला की ती ओढत, असे लेखात ठामपणे लिहिले आहे. बायबलमध्ये ही दोरी कुठेही नाही. ती कथा मध्ययुगातल्या लिखाणातून आलेली आहे. शिवाय ती घंट्यांशी जुळतही नाही. परमपवित्रस्थानात प्रवेश वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आणि लेवीयच्या सोळाव्या अध्यायाप्रमाणे त्या वेळी घंट्यांचा झगा अंगावर नसायचाच. सोने नाही, रत्ने नाहीत, निळा रंग नाही. तागाचा अंगरखा, तागाचा चोळणा, तागाचा कमरबंद, तागाचा मंदील, बस्स.

राजेशाही थाटच दाखवायचा असता तर वर्षातल्या सर्वांत मोठ्या क्षणी तो उतरवून कशाला ठेवला असता? यहुदी गुरूंनी याचे एक कारण दिले आहे आणि ते मला फार भिडते. लोकांनी देव म्हणून पुजलेले सोन्याचे वासरू याच अहरोनाच्या हातून घडले होते. जे सोने पापाची साक्ष देते, तेच अंगावर घालून क्षमेची रदबदली कशी करायची? मिश्ना या यहुदी गुरूंच्या जुन्या नियमसंग्रहाच्या सांगण्याप्रमाणे त्या एका दिवसात प्रमुख याजक पाच वेळा स्नान करी आणि प्रत्येक वेळी वस्त्रे बदली. सोन्याची, मग तागाची, पुन्हा सोन्याची.

आणि ही वस्त्रे त्याच्या मालकीची नव्हती. होर डोंगरावर अहरोनाचा अंतकाळ जवळ आला तेव्हा मोशेने त्याच्या अंगावरची वस्त्रे काढून त्याचा मुलगा एलाजार याला घातली, आणि मग अहरोन तिथे मरण पावला. सख्ख्या भावाच्या हाताने ते उतरवणे वाचताना माझा आवाज दरवेळी अडतो. पुढे रोमन सत्तेने हीच वस्त्रे यरुशलेमेतल्या अंतोनिया किल्ल्यात कुलूपबंद ठेवली आणि सणापुरती ती बाहेर देत, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. लोकांच्या मनात त्या कापडाचे मोल काय होते, हे त्या परक्या अधिकाऱ्यांनाही पक्के कळले होते.

लेखकांनी या विषयावर पुन्हा लिहावे अशी विनंती आहे, आणि त्या वेळी मिश्नातली एक नोंद अवश्य घ्यावी. याजकांचे चोळणे आणि कमरबंद जुने झाले की ते फाडून त्यांच्या वाती करत. मंडपाच्या सणात मंदिराच्या अंगणातल्या उंच सोन्याच्या दिव्यांत त्या वाती लावत. त्या उजेडाने उजळले नाही असे एकही अंगण तेव्हा यरुशलेमेत नसे, असे तिथे लिहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिवणशिक्षिका