हवा भरायची कुठे?

महोदय,
मे महिन्यात आमची सात सीटर माणसं-बॅगांनी ठासून भरून समृद्धीवरून शिर्डीला निघते. नागपुरात पारा ४५ ला, त्यात काँक्रीटचा रस्ता. कमी हवेचा टायर अशा वेळी फार दबतो, तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा असतो. तो वाचतो कोण? हवाही टायर थंड असतानाच तपासायची. पण आमच्या नेहमीच्या पंपावर मशीन कायम बंद. पोरगा म्हणतो, ‘काका, नायट्रोजन भरून घ्या न!’ त्याचे पैसे, अर्थातच. पंपावर हवा मोफत मिळायला हवी, असा नियम आहे. संबंधितांनी सकाळी येऊन मशीन सुरू आहे का, एवढं पाहावं.

– एक वाहनचालक, मनीषनगर, नागपूर