काका, माझा कान चुकत नव्हता

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र चारचौघांसमोर लिहितोय. तुम्ही जे केलंत ते इतरांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

कॅन या जर्मन बँडच्या 1975 सालच्या त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे 11 वर्षं होतं. प्रेक्षकांत बसलेल्या कुणीतरी साध्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेलं, प्रतीवरून प्रत होत माझ्यापर्यंत पोचलेलं. कित्येक रात्री मी गिटार घेऊन त्याच्यासोबत बसलो. सुरुवातीला करोलीच्या गिटारशी माझी गिटार छान जुळायची. पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी खटकायला लागायचं, आणि कॅसेटची बाजू संपत आली की जो स्वर मला हवा असायचा तो दोन फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांच्या, मध्ये कुठेतरी असायचा. मी थांबून गिटार पुन्हा लावायचो, टेप मागे नेऊन पहिल्यापासून सुरू करायचो. सुरुवात जुळायची, शेवट सुटायचा. आपल्याला सूर धरून ठेवता येत नाही, असं मी कधी ठरवून टाकलं ते आठवत नाही, पण ठरवलं होतं. दोन मित्र एकत्र वाजवायला बोलवायचे, त्यांनाही मी नाही म्हणत गेलो.

मग तुमचं पार्सल आलं. त्यात तुमच्याकडची कॅसेट होती, माझ्या प्रतीपेक्षा मूळ टेपच्या कितीतरी जवळची. एका पेनड्राइव्हवर तिच्यावरून केलेल्या, आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइल्स होत्या, आणि वहीच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेली तुमची टिपणं. दुसऱ्याच ओळीत तुम्ही लिहिलं होतं: "रेकॉर्डरचे सेल उतरत गेले आहेत. शेवटाकडे सगळं वर चढतं."

मी ती ओळ तीनदा वाचली. सेल उतरले की मोटर मंदावते आणि टेप हळू सरकते. हळू सरकणाऱ्या टेपवर जे नोंदलं जातं ते नेहमीच्या वेगाने वाजवलं की जलद आणि उंच ऐकू येतं. सेल एकदम उतरत नाहीत, म्हणून सूरही एकदम चढत नाही, कळू न देता चढत जातो. एवढं साधं कारण, आणि 11 वर्षांत मला सुचलं नव्हतं.

ते तुम्ही शोधलंत कसं, हे तर इथे सांगायलाच हवं. अ‍ॅम्प्लिफायर चालू असले की वाद्यं गप्प असतानाही एक बारीक गुणगुण सुरू असते. ती विजेची असते. युरोपात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा, म्हणून ती गुणगुण 50 वर आणि तिच्या दुप्पट, 100 वर सापडते. गाणी संपल्यावरच्या, टाळ्या विरल्यानंतरच्या शांत जागा तुम्ही एकेक करून तपासल्यात. पहिल्या शांततेत ती 100 वर होती, बाजू संपताना 104 वर. म्हणजे चार टक्क्यांचा फरक. सेमीटोनला, म्हणजे एका फ्रेटच्या अंतराला, साधारण सहा टक्के लागतात, तेव्हा माझा हरवलेला स्वर खरोखरच दोन फ्रेटच्या मध्ये होता. माझं बोट बरोबर जागा शोधत होतं काका, त्या जागी पट्टीच नव्हती.

सगळ्या बाजूला मिळून एकच सरासरी दुरुस्ती लावली असती तरी मी तुमचे आभारच मानले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. शांत जागा ते शांत जागा असे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याचा वेग हळूहळू उतरवत आणलात. तीन आठवडे लागले, असं तुम्ही सहज बोलून गेलात. 45 मिनिटांची बाजू आता जवळजवळ एका मिनिटाने लांबली आहे. ते मिनिट तिथे सुरुवातीपासूनच होतं, फक्त आवळलं गेलेलं.

त्या रात्री मी पूर्ण बाजू सलग ऐकली. फरक सगळ्यात आधी जाणवला तो यकी लीबेत्साइटच्या ड्रममध्ये. माझ्या जुन्या प्रतीत शेवटची दहा मिनिटं तो घाईत वाटायचा, आणि मी समजत होतो की वादक रंगात आले म्हणून लय वाढली. लय वाढलेलीच नव्हती. हा माणूस ठेक्याचं बंधन न मानणारा फ्री जॅझ सोडून आलेला, आणि मग एकच ठेका यंत्राला लाजवेल इतका घट्ट धरून बसणारा. त्याच्यावर टेपने घाईचा आळ घेतला होता, तो तुम्ही पुसलात. आता तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही. बाकीचे तिघे त्याच्याभोवती फिरतात, चुकतात, परततात. 34 व्या मिनिटाच्या आसपास श्मिटचा ऑर्गन एका सुरावर अडकतो. करोली तिथे काहीच वाजवत नाही. बराच वेळ. मग तो खालून, अगदी हलक्या हाताने, एकाच तारेवर आत येतो. ती वाट पाहणं मी इतकी वर्षं ऐकलं होतं, पण ते इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

स्टुडिओतल्या कॅनवर माझं प्रेम आहेच. पण ते तासन्‌तास वाजवायचे आणि होल्गर चुकाय त्या टेप कापून, जोडून गाणी घडवायचा. 'टॅगो मॅगो' हा आल्बम असा घडला. मंचावर त्याच्या हाती बास गिटार होती, कात्री नव्हती. म्हणून या टेपमध्ये कंटाळवाणे पट्टे आहेत, फसलेल्या जागा आहेत, आणि कुणालाच पुढे काय करायचं ते माहीत नाही अशी पाच-पाच मिनिटं आहेत. ती मला आल्बमइतकीच हवीशी वाटतात. त्यांच्या जुन्या कार्यक्रमांची अधिकृत मालिका निघू लागली, 2021 मध्ये आधी श्टुटगार्टचा आणि मग ब्रायटनचा कार्यक्रम आला, तेव्हा त्यातल्या तुकड्यांना नावं नव्हती, जर्मनमध्ये एक, दोन, तीन असे नुसते आकडे होते. किती योग्य! जे त्या रात्रीपुरतंच होतं त्याला नाव काय द्यायचं? ती मालिकासुद्धा चाहत्यांनी लपूनछपून केलेल्या टेपवर उभी आहे. इर्मिन श्मिट यांनी ध्वनितंत्रज्ञ रेने टिनर यांच्यासोबत बसून त्या निगुतीने सावरल्या. करोली 2001 मध्ये गेले, लीबेत्साइट आणि चुकाय 2017 मध्ये. कॅनचे एकेकाळचे गायक दामो सुझुकी 9 फेब्रुवारी 2024 ला गेले, आणि त्यांचा आवाज असलेला 1973 चा पॅरिसचा कार्यक्रम त्यानंतर दोनच आठवड्यांनी बाहेर आला. तो ऐकताना मी मध्येच उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो होतो.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत. तुम्ही खोकला काढला नाहीत. माइकच्या अगदी जवळ बसलेला एक माणूस दोनदा खोकतो, आणि हे काढायला सोपं होतं असं तुमच्या टिपणातच आहे. कॅसेटची बाजू उलटताना जे गेलं तिथेही तुम्ही दोन टोकं बेमालूम जोडून दिली नाहीत. रिकामी जागा ठेवलीत आणि लिहिलंत: "इथे किती गेलं ते सांगता येत नाही." व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडच्या 1969 मधल्या टेप रॉबर्ट क्वाइनने अशाच हातातल्या कॅसेट रेकॉर्डरवर केल्या. तेव्हा तो नुसता चाहता होता, गिटारवादक म्हणून नाव नंतर झालं. त्या 2001 मध्ये तीन सीडींवर निघाल्या. जपानच्या ले रालिझ देन्युदे या बँडचं तर विचारूच नका. त्यांचे म्होरके मिझुतानी यांच्या हयातीत 1991 च्या तीन सीडी सोडल्या तर जवळपास काहीच अधिकृत नव्हतं. जगभरच्या लोकांनी तो बँड ऐकला तो खरखरीतूनच. ती खरखर काढली तर त्या खोलीतली हवाच निघून जाईल, हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. पुष्कळांना लागतं.

कॅसेट गुरुवारी परत पाठवतोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भरभर गुंडाळली नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवून तशीच ठेवली आहे, आणि डबीत उभी. फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्या आहेत. तुमच्या टिपणांचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवलाय, एक अक्षर न बदलता. पुढे कुणाला ही प्रत दिली तर टिपणांसकटच देईन.

शनिवारी त्या दोन मित्रांकडे वाजवायला जाणार आहे. मीच फोन केला.

आणि एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, टाळ्या थांबत आल्यावर, तोच खोकणारा माणूस शेजाऱ्याला काहीतरी म्हणतो आणि दोघं हसतात. मी हेडफोन लावून वीसेक वेळा ऐकलं. तुम्हाला शब्द लागले का?

तुमचा ऋणी,
एक श्रोता