‘लरुआ’ म्हणजे राजघराणे नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी आडनावांवर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले, याचा आनंद आहे. पण फ्रेंच आडनावांबद्दलची त्यातली तीन विधाने तशीच राहू देता येणार नाहीत. ‘लरुआ’ आडनावाचे लोक राजवंशातले, नावात ‘द’ असला की माणूस सरदार घराण्यातला, आणि कोशात शब्द पाहिला की आडनावाचा अर्थ कळला, ही ती विधाने. तिन्ही चुकीची आहेत. तिसऱ्याने नुकसान सर्वांत जास्त होते, कारण आपल्या विदर्भातल्या आडनावांचे अर्थही असेच लावले जातात आणि पुढे कागदपत्रांत त्याचा त्रास होतो.

मुळापासून सांगतो. अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत फ्रान्समधल्या सामान्य माणसाला बाप्तिस्म्याचे एकच नाव असे, आणि अशी नावे थोडीच होती. एका खेड्यात चार-चार जाँ निघायचे. मग सारा वसूल करणाऱ्याने आणि पाद्र्याने त्यांना वेगळे ओळखायचे कसे? पुलाजवळचा जाँ, तांबड्या केसांचा जाँ, भट्टीवाला जाँ, मार्ताँचा जाँ. फ्रेंच आडनावांचे चारही मुख्य प्रकार या चार जाँमध्ये आले: ठिकाण, अंगलक्षण, धंदा आणि बापाचे नाव. पुढच्या दोन-तीन शतकांत ही ओळख बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. नातवाचे केस काळे असले तरी तो ‘रूसो’च, म्हणजे तांबूस केसांचाच, राहिला. आज फ्रान्समध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव ‘मार्ताँ’ आहे. तूर शहराचा बिशप संत मार्ताँ चौथ्या शतकातला. त्याच्यावरची लोकांची श्रद्धा एवढी की दोनशेहून अधिक गावांच्या नावातही तो आहे.

धंद्याची आडनावे सर्वांत बोलकी. लोहार घ्या. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, विळा, कुऱ्हाड, सगळे त्याच्याकडे, म्हणून गावागणिक एक तरी लोहार असायचाच. उत्तरेत त्याचे आडनाव ‘लफेव्र’ झाले, दक्षिणेत ‘फाब्र’ आणि ‘फोर’, सव्हॉयच्या डोंगराळ भागात ‘फाव्र’. हे सगळे ‘फाबेर’ या एकाच लॅटिन शब्दातून आले. ब्रिटनीत मात्र तोच लोहार ‘ल गॉफ’ आहे, कारण तिथली जुनी भाषा ब्रेटन, आणि अल्सासमध्ये तो ‘श्मिट’ आहे, कारण तिथे जर्मन बोली चाले. म्हणजे सहाही आडनावांचा अर्थ एक. माणूस कुठल्या मुलखातला हे मात्र प्रत्येक आडनाव वेगळे सांगते. ‘ल गॉफ’चा अर्थ फ्रेंच कोशात शोधणारा रिकाम्या हातानेच परत येणार.

‘लफेव्र’च्या स्पेलिंगमध्ये मधे एक ‘ब’ आहे. त्याचा उच्चार होत नाही. मूळ लॅटिन शब्दात ब होता, हे दाखवण्यासाठी लेखनिकांनी तो विद्वत्तेपोटी घातला. त्या काळी लिहिताना रोमन लिपीतली ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे वेगळी मानली जात नसत, त्यामुळे पुढच्या एखाद्या वाचणाऱ्याने ‘व्ही’चा ‘यू’ वाचला, आणि त्यातून ‘लेफेब्युर’ असे नवेच आडनाव जन्माला आले. ते आजही चालू आहे. आडनाव घडवण्यात लोहाराइतकाच लेखनिकाचाही हात असतो, याचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

‘फुर्निए’चा अर्थ लेखात नुसता ‘पाववाला’ दिला आहे. फुर्निए म्हणजे भट्टी सांभाळणारा. भट्टी जमीनदाराची, गावकऱ्यांनी पाव तिथेच भाजायचा आणि त्याचा मोबदला द्यायचा, अशी सक्ती अनेक ठिकाणी होती. ‘मेर्सिए’चा आभाराच्या ‘मेर्सी’शी काही संबंध नाही, सुया, दोरे, फिती विकणारा, आपल्याकडचा मनिहारीवाला म्हणा, तो मेर्सिए. ‘मनिए’ गिरणीवाला. आपल्या शाळेच्या पुस्तकातला लुई पाश्चर आडनावाने मेंढपाळ.

आता ‘लरुआ’. शब्दशः अर्थ ‘राजा’, हे खरे. पण राजघराण्याला आडनावाची गरजच नव्हती. गावोगावी नेमबाजीची स्पर्धा व्हायची, उंच खांबावर लाकडी पक्षी बसवायचे, आणि जो तो पाडेल तो वर्षभरासाठी ‘राजा’. धार्मिक नाटकात राजाचे सोंग घेणाराही ‘राजा’, राजाच्या चाकरीत असलेलाही, आणि ज्याची चाल जरा जास्तच रुबाबदार तोही. ‘लेवेक’ म्हणजे बिशप आणि ‘लाबे’ म्हणजे मठाधिपती, ही आडनावेही अशीच. कॅथलिक धर्मगुरूला लग्न करता येत नसे, मग इतक्या घरांत हे आडनाव वंशाने येईल कसे?

‘द’चेही तसेच. हा फक्त ‘चा’ किंवा ‘कडचा’ सांगणारा शब्द आहे, आणि ‘द्यु’ हे त्याचेच रूप. ‘द्युपाँ’ पुलाकडचा, ‘द्युब्वा’ रानाकडचा, ‘द्युमाँ’ डोंगराकडचा. पूल आणि रान गावोगावी, म्हणून दोन द्युब्वा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. कितीतरी शेतकऱ्यांच्या नावात ‘द’ आहे आणि कितीतरी सरदारांच्या नावात नाही.

याची उदाहरणे मराठ्यांच्या इतिहासातच आहेत, आणि लेखात ती यायला हवी होती. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभारणारा डी बॉयन 1751 मध्ये सव्हॉयमधल्या शांबेरी गावी जन्मला, तेव्हा त्याचे आडनाव ‘लबोर्न्य’ होते. लबोर्न्य म्हणजे एका डोळ्याने आंधळा. ‘डी बॉयन’ हे भारदस्त रूप त्याने स्वतः घेतले; त्यातला ‘डी’ म्हणजे हाच ‘द’. त्याच्यामागून शिंद्यांचा सेनापती झालेला पेराँ हा मुळात पिएर क्युइए. ‘पेराँ’ हे पिएरचे लाडाचे रूप. निजामाच्या दरबारातल्या बुसीचे घराण्याचे नाव ‘पातिसिए’, म्हणजे गोड पक्वान्ने भाजणारा. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होता, म्हणून त्याचे नाव आपल्याला परके नाही.

लाडाच्या रूपांचे प्रकरण मोठे आहे, थोडक्यात सांगतो. पिएरपासून पेराँ, पेरो, पेरे. निकोलापासून कोलाँ, कोला, कोले. ह्यूगपासून ह्यूगे, ह्यूए. नावाचे डोके उडते आणि शेपटी उरते, किंवा उलट. म्हणून कोशात शोधताना आधी शेवटचा प्रत्यय काढून पाहायचा.

लेखातले 1539 सालही सावरून घ्यायला हवे. त्या वर्षी राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या आज्ञापत्राने आडनावे सक्तीची झाली नाहीत, ती आधीच रुळली होती. पाद्र्यांनी बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी, एवढे त्यात ठरले. लग्न आणि दफन 1579 मध्ये जोडले गेले. 1667 मध्ये वही दोन प्रतींत ठेवण्याचा नियम आला. राज्यक्रांतीनंतर, 1792 मध्ये, नोंदी पाद्र्यांकडून नगरपालिकांकडे गेल्या. 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव लावायला बंदी केली, आणि म्हणूनच फ्रान्समध्ये लग्नानंतरही बाईचे कायदेशीर आडनाव जन्माचेच राहते. नवऱ्याचे लावले तर ते फक्त वापरापुरते.

दोन प्रतींचा नियमही कुठे अपुरा पडतो, हे 1871 मध्ये दिसले. पॅरिसच्या नोंदींची एक प्रत नगरभवनात आणि दुसरी न्यायालयाच्या इमारतीत होती. मे महिन्यातल्या आगींत दोन्ही इमारती जळाल्या आणि सुमारे 80 लाख नोंदी गेल्या. प्रती दोन होत्या, पण गाव एकच होते. मग 1877 पासून लग्न करणाऱ्या जोडप्यांना ‘कुटुंब पुस्तिका’ देण्यास सुरुवात झाली, म्हणजे तिसरी प्रत ज्याची त्याच्या घरी. एकाच घरात दोन भावांचे स्पेलिंग वेगळे असण्याचे प्रकार त्यानंतर बरेच कमी झाले.

हे आपल्याकडे लावून पाहा. ‘राऊत’ म्हणजे जुन्या मराठीत घोडेस्वार. पदवीवरून आलेले आडनाव, म्हणून दोन राऊत एका कुळाचे असतीलच असे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडची ‘वार’ने संपणारी आडनावे तेलुगूतल्या ‘वारू’ या आदरार्थी शब्दाशी जोडून पाहावी लागतात. मडावी, आत्राम, उईके ही गोंडी आडनावे. त्यांचा उलगडा गोंडीत आणि चार देव, पाच देव, सहा देव, सात देव या कुळरचनेत शोधायचा; मराठी शब्दाशी ओढून-ताणून जोडणे म्हणजे ‘ल गॉफ’ला फ्रेंच कोशात शोधणे होय. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘राउत’ की ‘राऊत’ हा वाद मोडी कागदावरून सुटणार नाही. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ यांत एका मात्रेचा फरक, पण जात पडताळणीच्या टेबलावर तीच मात्रा आडवी येते.

म्हणून ज्यांना आपल्या आडनावाचा शोध घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात अर्थापासून करू नये, सर्वांत जुन्या नोंदीपासून करावी. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागावी. त्यात बऱ्याचदा आडनाव नसतेच. नाव, बापाचे नाव, जात आणि तारीख एवढेच असते. आडनाव पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात चढते, आणि ते गुरुजींच्या कानाला जसे ऐकू आले तसे. म्हणून दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि जोडीला जुने हक्कनोंदीचे कागद. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा तेवढे तरी मागे जावेच. राजपत्रात नाव बदलण्याची घाई आधी करू नये. आजोबांच्या नोंदीतले अक्षर त्याने बदलत नाही, उलट जुळवायला आणखी एक कागद वाढतो. बायांच्या बाबतीत माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र एकत्र जपून ठेवावे. त्या दोन कागदांवाचून दुवा तुटतो.

प्रशासनाला आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. नक्कल देताना मजकूर पुन्हा टाइप करून देऊ नये, मूळ पानाचीच साक्षांकित छायाप्रत द्यावी, कारण टाइप करताना ‘व्ही’चा ‘यू’ इथेही होतो. आणि जीर्ण कोतवाल बुके स्कॅन केल्यावर त्याची एक प्रत तालुक्याच्या गावी आणि दुसरी जिल्ह्याबाहेर ठेवावी.

आपले,
भाषा व स्थानिक अभिलेखांचे अभ्यासक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ